काळ्या दगडापेक्षा जास्त

आम्ही चार जुने मास्तर चहाला जमलो की आमच्या सोलापूरच्या कॉलेजचे किस्से निघतात. एक सांगून होईतो दुसरा तयार असतो, आणि फिरून फिरून गाडी बिराजदार बाईंच्या दगडांच्या कपाटाशीच येते!

बाई भूगर्भशास्त्र शिकवायच्या. बारा वर्षं एसटीतून दगड आणून त्यांनी ते कपाट भरलं होतं. एकदा कंडक्टरनं दगडाचं तिकीट मागितलं. बाई म्हणाल्या, "मांडीवरच्या लेकराला तिकीट लावता का?"

*

सत्तरच्या दशकात आमच्या फिजिक्सला किरणोत्सर्ग मोजणारा गायगर काउंटर आला. मी डेमॉन्स्ट्रेटर. मशीन चालू केलं, तर समोर काहीच नसताना टक... टक... मी घाबरून बटण बंद केलं. बघायला आलेल्या बाई हसल्या. मातीत, भिंतीत, सगळीकडे युरेनियम-थोरियमचा अंश असतोच, म्हणाल्या.

शिपाई सिद्धप्पा म्हणाला, "म्हंजे गप बसलं तर बिघडलं म्हनायचं की."

*

खंडेनवमीला सिद्धप्पानं सगळ्या यंत्रांची पूजा मांडली. आरतीला काउंटरनं जरा बोलावं म्हणून त्यानं बाईंच्या कपाटातली केरळच्या काळ्या वाळूची बाटली त्याच्यापुढे ठेवली. त्या वाळूत थोरियम. प्रिन्सिपॉलसाहेब नारळ फोडायला वाकले आणि मशीन तडतडायला लागलं. साहेब नारळासकट व्हरांड्यात!

*

दसऱ्यानंतर लेखी ऑर्डर निघाली. आवारातल्या काळ्या दगडापेक्षा ज्या वस्तूपाशी काउंटर जास्त वाजेल, ती वस्तू त्याच दिवशी कॉलेजबाहेर फेकावी. काळ्या दगडात तो अंश अगदी कमी, म्हणजे बाईंचं निम्मं कपाट गेलं.

बाईंनी तासभर समजावलं, की इतक्याशा अंशानं कुणाचं काही बिघडत नाही. साहेबांचं एकच, "ऑर्डर म्हणजे ऑर्डर. अपवाद नाही."

मला भयंकर राग आला. बारा वर्षांची मेहनत हा माणूस नाल्यात टाकायला निघाला होता. बाईंनी मात्र सिद्धप्पाला एवढंच सांगितलं, की ऑर्डर नीट पाळ, आधी सगळं कॉलेज तपास.

*

सिद्धप्पा काउंटर घेऊन पुढे, मी वही घेऊन मागे. भिंती आपल्या काळ्या दगडाच्या, तिथे काही नाही. बाकं, फळे, जिना, काही नाही. मुख्य दारापाशी मात्र टकटक वाढली. तिथे कोनशिला होती, कर्नाटकातून मुद्दाम मागवलेल्या लाल ग्रॅनाइटची, वर सोनेरी अक्षरांत साहेबांचं नाव. मी तीनदा मोजलं. तिन्ही वेळा जास्त.

सिद्धप्पा पहार घेऊन साहेबांच्या केबिनच्या दारात उभा राहिला. मागे बाई, कपाटाची किल्ली कमरेला खोचून.

"साहेब, ऑर्डरपरमानं एक वस्तू भाईर काडायची हाय. तुमच्या नावाची हाय म्हनून इचारतो. नाव खरवडून फेकू, का हाय तशीच?"