तटस्थ तात्याराव

तात्याराव दिघे केंद्र सरकारातून अवर सचिव म्हणून निवृत्त झाले. उभ्या नोकरीत त्यांनी कुठल्याही साहेबाला 'नाही' म्हटलं नव्हतं. दिल्लीतल्या आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर पत्नी अलकनंदाबाईंच्या नोकरीवर शाबूत होतं, त्यामुळे घर सुटलं नाही. पण दिवसभर घरात त्यांचं ऐकणारं कुणी उरलं नाही. म्हणून ते एका स्वतंत्र वैद्यकीय मदत संस्थेत समन्वयक झाले.

संस्थेची तत्त्वं त्यांना फार भावली. जो जास्त आजारी त्याला आधी तपासायचं, मग तो कुणीही असो. कुणाची बाजू घ्यायची नाही. सरकार, पक्ष, पुढारी, कुणाच्या ओंजळीनं पाणी प्यायचं नाही. आणि डोळ्यांदेखत अन्याय दिसला तर बोलायचं. यातलं बाजू न घेणं तात्यारावांना जन्मभर येतच होतं. त्याला तत्त्व म्हणतात हे नव्यानं कळलं. वरच्या मजल्यावरून गळणाऱ्या पाण्यावरून अलकनंदाबाई शेजारणीशी भांडत होत्या, तेव्हा ते म्हणाले, "मी तटस्थ आहे."

"बिल्कुल राहा," बाई म्हणाल्या, "पण तेवढी बादली सरकवा."

त्या पावसाळ्यात यमुनेला पूर आला. काठच्या वस्त्या उठून रस्त्याकडेच्या छावणीत आल्या. संस्थेनं तिथं दवाखान्याचा तंबू टाकला. डॉक्टर होती नांदेडची चेतना. दोनच दिवसांत पोरं जुलाबांनी हैराण झाली. एका मुलीला तर मोठ्या इस्पितळात हलवावं लागलं.

"काका, टँकरचं पाणी खराब आहे," चेतना म्हणाली. "अधिकाऱ्यांना सांगून झालं. आता पत्रकारांना सांगायला हवं."

टँकर तिथल्या पुढाऱ्याच्या मेव्हण्याचे होते. तात्यारावांनी घसा साफ केला. "चेतना, आपण तटस्थ आहोत."

"कुणामध्ये? जंतू आणि पोरं यांच्यामध्ये?"

"तू अजून लहान आहेस," असं म्हणून तात्याराव मेव्हण्याच्या तंबूत गेले. गैरसमज नकोत म्हणून. तिथं "आइए दिघे साहब" झालं, खुर्ची आली, गुलाबी सरबत आलं. साहब म्हणणाऱ्याला नको कसं म्हणायचं? त्यांनी दोन ग्लास घेतले. सरबताचं पाणी अर्थातच टँकरमधलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तात्याराव पोट धरून दवाखान्यात आले आणि थेट पडद्याआड शिरू लागले.

"काका, रांगेत," चेतना म्हणाली. "आधी ते बाळ, मग त्या आजी. तुम्ही चालत आलात ना?"

"अगं, मी समन्वयक आहे!"

"म्हणूनच तुम्हाला नियम ठाऊक आहे."

तिनं त्यांच्या हातात मीठ-साखरेच्या पाण्याचा पेला दिला आणि ती बाळाकडे वळली. तात्याराव आजींच्या मागे बाकावर बसले. मधून मधून उठून धावत होते. असंच एकदा धावताना एका हिंदी वाहिनीच्या वार्ताहरानं त्यांना गाठलं. "सर, छावणीत सगळं ठीक आहे ना?"

"क्या ठीक है!" तात्याराव कळवळले. "टैंकर का पानी सड़ा हुआ है! टैंकर किसका है, सबको मालूम है! अब हटो, यार!"

संध्याकाळी हे सगळ्या दिल्लीनं पाहिलं. सकाळी टँकर बदलले. मेव्हण्यानं फोन केला, तो तात्यारावांनी घेतला नाही. सलाइन चालू होतं.

संस्थेनं त्यांचा सत्कार केला. शाल खांद्यावर घेऊन ते बोलले, "सत्य दिसताच मी क्षणभरही थांबलो नाही." अलकनंदाबाई पहिल्या रांगेत होत्या, त्यांनी शेजारणीकडे पाहून हसू दाबलं.

चेतना सत्काराला नव्हती. ती इस्पितळातून परतलेल्या मुलीला तपासायला छावणीत गेली होती. मुलगी वाचली होती, पण आधार दिल्याशिवाय तिला उभं राहता येत नव्हतं. तिची आई विचारत होती, पाणी खराब आहे हे तुम्हाला आधी कळलं नव्हतं का? चेतनानं तिला खरं काय ते सांगितलं: कळलं होतं, पण जाहीर बोलायला आम्ही उशीर केला.