अकरास एकचं इंजिन

आर्मी वर्कशॉपच्या आमच्या डिटॅचमेंटचं पोस्टिंग इतक्या उंचावर होतं की चहाला उकळी लवकर यायची आणि डाळ काही केल्या शिजायची नाही. मी हवालदार, व्हेइकल मेकॅनिक. घर ठाण्याला, कोपरीत. माझ्या हाताखाली नाईक महेश कदम, ठाकुर्लीचा. सकाळी गाड्या गरम करायच्या, दिवसभर दुरुस्ती, संध्याकाळी पुन्हा तपासणी. विरळ हवेत इंजिनं दमतात. महेश त्यावरून माझं डोकं खायचा.

"उस्ताद, कॉम्प्रेशन वाढवलं तर इथे बाईक मस्त पळेल."

"आधी त्या ट्रकचा क्लच बसव."

त्याची जुनी साडेतीनशे सीसीची बाईक घरी होती. तिचं इंजिन नव्याने बांधायचं खूळ त्याने घेतलं होतं. वडील कोलशेतच्या कारखान्यातले निवृत्त टर्नर. महेश फोनवर मापं सांगायचा, ते लेथवर इंजिनचं हेड तासायचे. फौजेतली टर्म संपली की पोरगा घरी येणार, म्हणून त्यांनी त्याच्या गॅरेजसाठी गाळाही घेऊन ठेवला होता. इकडे पोरगा नोकरी वाढवायच्या एक्स्टेन्शनवर सही करून मोकळा.

"घरी सांगितलंस?" मी विचारलं.

"सुट्टीत समोर बसून सांगतो. येताना बाईक इकडे घेऊन येतो."

ती सुट्टी त्याला मिळाली नाही. पाण्याचा टँकर वळणावर घसरला आणि तो ओढून काढायला आम्ही रिकव्हरीला गेलो. महेश खाली उतरून हूक लावत होता. हूक लागला, त्याने हात वर केला, आणि वरून दरड आली. टँकरचा ड्रायव्हर वाचला.

"रिकव्हरी, रिपोर्ट करो. ओव्हर."

"एक कॅज्युअल्टी. ओव्हर."

"नाम बताओ. ओव्हर."

नाव मी सांगितलं. रेडिओवर त्यानंतर काय बोलणं झालं, ते मला आठवत नाही.

मी रिटायर होऊन घरी आलो तेव्हा महेशच्या वडिलांचा, कदमकाकांचा फोन आला. हेड तासून तयार होतं, इंजिन जोडायला माणूस हवा होता. मी ठाकुर्लीच्या गाळ्यावर गेलो. शटरवर बोर्ड नव्हता.

जोडण्याआधी कॉम्प्रेशन रेशो काढावाच लागतो. पिस्टन अगदी वर असताना त्याच्या डोक्यावर जी जागा उरते, ती मोजायची. हेड जितकं जास्त तासलेलं, तितकी ही जागा कमी आणि रेशो जास्त. मी हेड तात्पुरतं बसवून सिरिंजने प्लगच्या भोकातून तेल भरलं. पस्तीस सीसी बसलं. पिस्टन खाली गेल्यावर त्यात तीनशे सेहेचाळीस मिळतात. बेरजेला पस्तीसने भागलं की जवळजवळ अकरा. अकरास एक. कंपनीचं इंजिन सातच्या आसपास असतं. खाडीकाठच्या या जड हवेत अकराचं इंजिन ठोके देऊन पिस्टन फोडेल.

काकांनी माझा चेहरा वाचला.

"जास्त कापलं गेलं ना माझ्या हातून? खरं सांग. डोळे आता धड राहिले नाहीत रे. पोराचं शेवटचं काम, आणि मी वाट लावली."

मी गप्प राहिलो असतो, तर हा माणूस उरलेलं आयुष्य स्वतःला दोष देत बसला असता. बोललो, तर आणखी काहीतरी त्याच्याकडून काढून घेणार होतो. मला महेशचा रागच आला. हे सांगायचं काम त्याचं होतं.

"काका, माप बरोबर आहे. हे वरच्या हवेचं इंजिन आहे. तिथे अकराच लागतं."

"वर? तो तर घरी येणार होता."

"सुट्टीवर येणार होता. बाईक घेऊन परत जाणार होता. एक्स्टेन्शनवर त्याने सही केली होती. तुम्हाला समोर बसून सांगणार होता."

काका स्टुलावर बसले. चिंधीने हात पुसत राहिले. हात स्वच्छच होते.

"गाळा मी त्याला न विचारताच घेतलेला," ते म्हणाले.

जाड गॅस्केट टाकून रेशो इथल्यापुरता उतरवता येईल, असं मी सुचवलं. त्यांनी मान हलवली.

"नको. त्याने सांगितलंय तसंच बसव."

मी तसंच बसवलं. नट काकांनी स्वतः आवळले.

नाईक महेश कदम माझ्या हाताखाली शिकला आणि माझ्यापेक्षा चांगला मेकॅनिक झाला. त्याचं इंजिन पूर्ण आहे, ते आम्ही एकदाही चालू केलेलं नाही. मी अजून रविवारी ठाकुर्लीला जातो. काका शटर वर करतात, आम्ही दोघं त्याच्याविषयी बोलतो.