विभागप्रमुख बघण्याचा कार्यक्रम

आमच्या मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात स्तनाच्या कर्करोगासाठी वेगळा विभाग काढायचं ठरलं, तेव्हा सोलापुरात विमानतळ होता, पण विमान येत नव्हतं. हे सांगायचं कारण असं, की विभागप्रमुखपदासाठी ज्या पहिल्या डॉक्टरांशी आम्ही व्हिडिओ कॉलवर बोललो, त्यांनी पहिला प्रश्न विमानाचा विचारला. डीन म्हणाले, "धावपट्टी तयार आहे." त्या डॉक्टरांनी आभार मानले आणि कॉल संपला.

दुसरे डॉक्टर पुण्याहून सपत्नीक आले. त्यांना रुग्णालय आवडलं, शेंगाची चटणी तर फारच आवडली. त्यांच्या पत्नीनं सहज विचारलं, "नळाला पाणी रोज येतं ना?" डीन खोटं बोलत नाहीत. चटणीचं पाकीट घेऊन दोघं दुपारच्या गाडीनं परत गेले.

निवड समितीत आम्ही तिघं होतो. डीन, मी पॅथॉलॉजिस्ट, आणि आमचे सीनियर सर्जन, ज्यांना सगळं रुग्णालय नुसतं 'सर' म्हणे. स्तनाच्या गाठींची ऑपरेशनं इतकी वर्षं सरच करत आले होते आणि हे पद आपल्यालाच मिळणार असं त्यांनी धरलं होतं. पण प्रमुखानं रुग्ण बघायचे, विद्यार्थी शिकवायचे आणि संशोधनही करायचं, शिवाय कर्करोगाचं खास प्रशिक्षण हवं, अशी अट होती. ते सरांकडे नव्हतं. त्यांना वाईट वाटू नये म्हणून डीननी त्यांना समितीत घेतलं. त्यामुळे त्यांना जास्त वाईट वाटलं.

तिसऱ्या आल्या त्या बंगळुरूच्या मोठ्या रुग्णालयातून. मूळच्या धारवाडकडच्या, चाळिशीच्या. मराठी बोलत, पण प्रत्येक वाक्य आधी मनात जुळवून मग बाहेर काढत.

"तिथली नोकरी का सोडताय?" डीननी विचारलं.

"तिथे माझ्या वर बरेच जण आहेत, सर," त्या म्हणाल्या, "आणि सगळ्यांची तब्येत उत्तम आहे."

डीन हसले. सर खिडकीबाहेर बघत राहिले.

प्रोजेक्टर लावून ठेवला होता. त्या म्हणाल्या, "स्लाइड मी मेलवर पाठवते. आज ओपीडी असेल ना? तिथे बसले तर चालेल?"

"बसा की," सर म्हणाले. आधीच येऊन बसलेल्या पाहुण्याला म्हणावं तसं.

मीही मागोमाग गेले. उमेदवाराला एकटं सोडू नका, असं डीननी सांगितलं होतं. एकूणच एकटं, की सरांसोबत एकटं, हे त्यांनी स्पष्ट केलं नव्हतं.

ओपीडीत अक्कलकोट तालुक्यातल्या, कर्नाटकच्या सीमेलगतच्या गावच्या एक बाई सुनेबरोबर आल्या होत्या. पन्नाशीच्या, कपाळाला विभूती, खांद्यावरून घट्ट पदर. त्यांच्या गाठीचा तुकडा मीच तपासला होता. कर्करोग होता, पण गाठ लहान होती. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन ठरलं होतं. पूर्ण स्तन आणि काखेतल्या सगळ्या ग्रंथी काढायच्या. सरांनी त्यांना मराठीत पुन्हा एकदा सगळं समजावलं. बाई प्रत्येक वाक्याला "व्हय" म्हणत होत्या.

"समजलं ना सगळं?"

"व्हय."

"काही विचारायचंय?"

"न्हाय."

पाहुण्या डॉक्टर म्हणाल्या, "सर, मी एक मिनिट बोलू?" आणि खुर्ची पुढे ओढून त्यांनी बाईंशी कन्नड सुरू केलं.

मला कन्नड येत नाही. एवढंच दिसलं, की इतका वेळ 'व्हय'पलीकडे न गेलेल्या बाई बोलायला लागल्या आणि थांबेनात. हात पुढे केला, पालथा केला, सुनेकडे बोट दाखवलं, डोळ्याला पदर लावला आणि पुन्हा बोलल्या.

"काय म्हणतायत?" मी सरांना हळूच विचारलं. सरांच्या घरी कन्नडच बोलतात. पण दवाखान्यात ते मराठी आणि इंग्रजीच बोलत. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून मी कन्नड ऐकलं नव्हतं.

सर जरा वेळानं म्हणाले, "भाकरी म्हणतायत."

"म्हणजे?"

"या कडक भाकरी थापून विकतात. सोलापुरातल्या दुकानांत माल जातो. शेजारच्या गावात एकीचं असंच ऑपरेशन झालं, तिचा हात सुजला. आता तिला तांब्यासुद्धा उचलत नाही." सर पुन्हा ऐकू लागले. "म्हणतायत, छाती काढा नाहीतर ठेवा, पण हात चालला पाहिजे."

काखेतल्या सगळ्या ग्रंथी काढल्या की काही जणींचा हात सुजतो, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. स्तन वाचवता येईल का यावर सरांची नि माझी चर्चा झालीही होती. हाताबद्दल आम्ही चकार शब्द काढला नव्हता.

"आधी फक्त पहिल्या ग्रंथी बघता येतील," पाहुण्या डॉक्टर सरांना म्हणाल्या. गाठीजवळ निळा रंग टोचायचा, तो काखेतल्या ज्या ग्रंथींत आधी पोचेल तेवढ्याच काढायच्या आणि ऑपरेशन चालू असतानाच तपासायच्या. त्या स्वच्छ निघाल्या तर बाकीच्यांना हात लावायचा नाही.

"माहितीये मला," सर म्हणाले. "शिकून आलोय मी ते. पण तपासणार कोण?"

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. ग्रंथी गोठवून काप काढायचं यंत्र माझ्या लॅबमध्ये होतं. कुणी मागत नव्हतं म्हणून ते झाकून ठेवलं होतं. "मी," मी म्हणाले.

सरांनी बाईंकडे वळून घसा साफ केला आणि कन्नडमध्ये बोलायला सुरुवात केली. बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की हा माणूस इतके दिवस कुठं होता. मग थेट विचारलंही असावं, कारण सरांचे कान लाल झाले. ते काय होतं, हे त्यांनी मला सांगितलं नाही.

स्तनाचं काय करायचं, हेही त्याच दिवशी बाईंनी ठरवलं. स्तन ठेवला तर कित्येक आठवडे रोज किरणं घ्यायला यावं लागलं असतं. त्या माझ्यासाठी मराठीत म्हणाल्या, "काडून टाका. रोज कोन येतंय हितं?" म्हणजे सरांचा तो निर्णय बरोबरच निघाला. सरांनी तसं बोलूनही दाखवलं. पाहुण्या डॉक्टर म्हणाल्या, "हो सर. पण आता तो त्यांचा आहे."

संध्याकाळी त्या गेल्यावर मी सरांना विचारलं, "काय वाटतं?"

"आगाऊ आहे," सर म्हणाले.

ऑपरेशन आठवडाभर पुढे ढकललं, कारण मला यंत्रावर हात बसवायचा होता. त्या दिवशी काप काचेवर घेतला. सूक्ष्मदर्शकात मी तीनदा पाहिलं. मग थिएटरला फोन लावला. "स्वच्छ आहे."

"नक्की?" पलीकडून सरांचा आवाज आला.

"नक्की."

"बरं," म्हणून त्यांनी फोन ठेवला. त्यानंतर मी यंत्र पुसलं, पण झाकून ठेवलं नाही.

डीननी नंतर मला सांगितलं, की त्याच संध्याकाळी सर त्यांच्या केबिनमध्ये गेले होते. उभ्या उभ्या म्हणाले, "त्यांना कळवा. दुसऱ्या कुणी घ्यायच्या आत." आणि गेले.

मॅडम दिवाळीनंतर रुजू झाल्या. डीन बंगल्याची, गाडीची तयारी करून बसले होते. मॅडमची अट एकच होती. दर गुरुवारी सर्जन, रेडिओलॉजिस्ट, केमोवाले आणि मी असं सगळ्यांनी एका खोलीत बसायचं आणि प्रत्येक रुग्णावर बोलून मगच उपचार ठरवायचे. डीनना ही अट स्वस्त वाटली. पहिल्या गुरुवारी माझ्या एका रिपोर्टवरून मॅडमनी मला अर्धा तास धारेवर धरलं. मी घरी गेल्यावर जेवले नाही. दुसऱ्या दिवशी काचा पुन्हा काढल्या. रिपोर्ट माझाच बरोबर होता. मी तो त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवला. "बरं झालं," त्या म्हणाल्या. माफी वगैरे मागितली नाही.

अक्कलकोटच्या त्या बाई तपासणीला येतात. मागच्या खेपेला नंबर लवकर लागला नाही म्हणून हात उंच करकरून सिस्टरशी भांडत होत्या. मॅडम केबिनमधून बाहेर आल्या, दारात उभ्या राहून तो हात नीट बघून घेतला आणि पुन्हा आत गेल्या. नंबर काही पुढे घेतला नाही.

गेल्या वर्षी सर निवृत्त झाले. शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली, सर भाषणात मॅडमविषयी एक अक्षर बोलले नाहीत. पुढच्या गुरुवारी आम्ही बैठकीला गेलो, तर ते आधीच येऊन बसले होते. कुणी बोलावलं नव्हतं. या नाहीतर जा, असंही कुणी म्हणालं नाही. मॅडमनी त्यांच्याकडे चहाचा कप सरकवला आणि पहिला रुग्ण वाचायला घेतला.