घरी गेली

अक्काला आणायला मी दर दिवाळीच्या सुट्टीत जायचो आणि दर वेळी एकटाच परत यायचो.

अक्का म्हणजे माझी मोठी बहीण. बारामतीची वस्ती संपून उसाचे पट्टे सुरू होतात तिथं मानसिक आजार असलेल्या मोठ्या माणसांसाठी एक निवासी संस्था आहे. अक्का तिथं राहते. आमचं घर निरवांगीचं. मी इंदापुरात हायस्कूलला भूगोल शिकवतो.

आजारी पडली तेव्हा ती गावच्या बालवाडीत शिकवायची. आधी झोप गेली. मग कुणीतरी आपल्याला हाका मारतंय असं तिला वाटू लागलं, आणि ती त्या हाकांना ओ द्यायची. आमच्या घरात अंगारे-धुपारे चालत नव्हते, त्यामुळं निदान दवाखान्यात लवकर गेलो. गोळ्यांनी फरक पडायचा, पण ती गोळ्या टाकून द्यायची आणि दुपारची घर सोडून चालायला लागायची. एकदा ती पार शेळगावच्या पुढं कालव्याच्या कडेला बसलेली सापडली. वडील गेलेले, मी नोकरीच्या गावी, आणि आई दिवसभर दाराला कडी लावून तिच्या समोर बसलेली. शेवटी डॉक्टरच म्हणाले, की काही महिने संस्थेत ठेवा, औषधाची घडी बसू दे. त्या काही महिन्यांची वर्षं झाली.

तेव्हाची संस्था वाईट लोकांनी चालवलेली होती असं मला म्हणता येणार नाही. मारहाण मी कधी पाहिली नाही, कुणी उपाशी राहिलं असंही नाही. पण सगळं सरसकट होतं. बायकांचे केस उवा होतात म्हणून बारीक कापलेले. कपडे धुऊन एका ढिगात यायचे, ज्याच्या हाताला जे लागेल ते त्यानं घालायचं. आंघोळीला रांग, आणि न्हाणीच्या दाराला आतून कडी नाही. आम्ही भेटायला गेलो की फाटकाजवळच्या खोलीत बसायचं आणि अक्काला तिथं आणून सोडायचे. ती कुठं झोपते, तिच्या खाटेशेजारी खिडकी आहे की भिंत, हे आईला कधी बघायला मिळालं नाही. आई दर वेळी विचारायची, आणि सेविका दर वेळी सांगायची, "आत न्यायची परवानगी न्हाय, मावशी."

अक्काच्या शेजारच्या खाटेवर एक म्हातारी होती. इंदापूरच्या बांगडीवाल्यांच्या घरातली, सगळे तिला खाला म्हणायचे. अक्का कुणाशी बोलत नसे त्या काळातही खालाशी बोलायची. भेटायच्या खोलीत ती खालाला बरोबर घेऊन यायची, आणि आई दोघींना सारखा खाऊ द्यायची. एका पावसाळ्यात गेलो तर अक्का एकटीच आली. खाला कुठं आहे, असं मी सेविकेला विचारलं.

"त्या घरी गेल्या."

मला बरं वाटलं. इथून कुणीतरी घरी जातं तर. मी अक्काला म्हणालो, "बघ, खाला घरी गेली. तूबी येशील आता." अक्का माझ्याकडं बघत राहिली आणि उठून आत गेली.

तिथून पुढं तिचा नकार सुरू झाला. औषध लागू पडलं होतं, डॉक्टर म्हणत होते चार दिवस घरी नेऊन बघा. मी गाडी घेऊन जायचो. नुसतं "घरी चल" म्हटलं की तिचा चेहरा बदलायचा. एकदा तर न्हाणीत जाऊन ती भिंतीला पाठ लावून बसली. सेविका म्हणाली, "ह्यांना हितंच बरं वाटतंय, सर. जबरदस्ती करू नका." मी केली नाही. घरी आई हुलग्याच्या शेंगोळ्या करून वाट बघत असायची, कारण अक्काला त्या फार आवडायच्या. मला एकट्याला उतरताना पाहून ती ताट वाढायची. एकदाच म्हणाली, "तिला तितं टाकली म्हून रागावलीय ती. राहू दे. राग तरी हाय."

मग आईच आजारी पडली. फुप्फुसात पाणी झालं होतं. बारामतीच्या दवाखान्यात दहाएक दिवस ठेवावं लागलं. त्यातून ती सावरली, आणि तिला गावी पोचवून पुढच्या रविवारी मी अक्काला भेटायला गेलो. तिनं आल्याआल्या दाराकडं पाहिलं.

"आये?"

"आईला बरं नव्हतं, अक्का. दवाखान्यात होती. आता घरी गेली."

ती खाली बसली. बाकावर नाही, फरशीवर. पदर तोंडाशी धरून ती डोलत राहिली. मला वाटलं आजारपणाचं ऐकून घाबरली. मी सांगत राहिलो, "आता काळजी न्हाय, घरी गेली ती, घरी गेली." पुढं संस्थेतून फोन आला, की ती जेवत नाही, आजार उलटलाय, गोळ्या वाढवल्यात. वाढवलेल्या गोळ्यांनी तिचे हात थरथरायला लागले, ते बरेच महिने थरथरत होते.

त्यानंतर आई चार वर्षं जगली. प्रवास तिला झेपत नव्हता, म्हणून भेटायला मी एकटाच जायचो. अक्का मला आईबद्दल काही विचारायची नाही. मी सांगायला लागलो तर कानांवर हात ठेवायची. हे मी घरी जाऊन आईला सांगितलं नाही. अक्का बरी आहे, जेवते, एवढंच सांगायचो.

आई गेली तेव्हा संस्थेतले डॉक्टर म्हणाले, इतक्यात अक्काला सांगू नका, मागच्या वेळी नुसत्या आजारपणानं तिची काय अवस्था झाली होती. आम्ही थांबलो.

आई गेल्यावर काही महिन्यांनी संस्थेत नव्या मॅडम आल्या. नवा कायदा झाला होता, तपासणीची माणसं येऊ लागली होती, आणि जुन्या विश्वस्तांना एकूण सगळंच झेपेना. मॅडम पन्नाशीच्या, मोठ्या इस्पितळात बरीच वर्षं काम केलेल्या. पहिल्याच भेटीत त्यांनी मला फाटकाजवळच्या खोलीत न बसवता आत नेलं. मी अक्काची खाट पाहिली. शेजारी खिडकी होती, खिडकीतून संस्थेचा भाजीचा वाफा दिसत होता. आईला हे सांगायला हवं, असं सवयीनं मनात आलं.

मॅडमनी दर महिन्याला जेवणाच्या हॉलमध्ये बैठक सुरू केली. राहणारी माणसं, काम करणारी माणसं, आणि येतील ते नातेवाईक. पहिल्या बैठकीत त्यांनी विचारलं, इथं काय बदलायला हवं. तिथं कुणाला असं कधी विचारलंच नव्हतं. मग पुरुषांच्या बाजूचे एक तात्या, कोऱ्हाळ्याचे, पूर्वी साखर कारखान्यात कामाला असलेले, म्हणाले, "च्या गरम मिळावा." मागून एक बाई म्हणाली, "न्हाणीला आतून कडी." कामाची माणसं कुजबुजली, आत कोंडून घेतलं तर काय करायचं. मॅडम म्हणाल्या, बाहेरूनही उघडता येईल अशी कडी मिळते. आठवड्यात कड्या बसल्या. चहा पिंपातून वाटण्याऐवजी थर्मास आले. मग कपड्यांवर नावं शिवली, मग ज्यांना हवे त्यांनी केस वाढवले. अक्काचे केस वाढले तेव्हा कळलं, ते जवळजवळ सगळे पांढरे झालेत.

कड्या बसल्यामुळंच लोक बोलायला लागले असं मला वाटतं. चौथ्या की पाचव्या बैठकीला मी मागच्या खुर्चीवर बसलो होतो. मॅडमनी विचारलं, "आणखी कुणाला काही सांगायचंय?" आणि अक्का उभी राहिली. चारचौघांत ती बोलली त्याला किती काळ झाला होता, मला आठवत नव्हतं.

"मानूस मेलं की मेलं म्हना," ती म्हणाली. "घरी गेली म्हनू नका."

मॅडमना कळलं नाही. "असं कोण म्हणतं?"

जुनी सेविका खाली बघत म्हणाली, "पहिल्यापास्नं तसंच सांगायचं ठरल्यालं हाय, मॅडम. कुणी गेलं की पहाटंच न्यायचं, आन् बाकीच्यास्नी म्हनायचं घरी गेली. नायतर सगळी बिथरत्यात म्हून."

"खाला घरी गेली," अक्का म्हणाली. "चपला खाटंखाली. घरी जाताना चपला घालत न्हाईत व्हय?"

हॉलमध्ये दोन-तीन जणांनी माना हलवल्या. त्यांना सगळ्यांना माहीत होतं. तिथं राहणाऱ्या प्रत्येकाला ते माहीत होतं. माहीत नव्हतं ते आम्हाला, फाटकाजवळच्या खोलीत बसणाऱ्यांना.

मग अक्कानं माझ्याकडं बोट केलं. "माझी आये बी घरी गेली. ह्यानंच सांगितलं."

बैठक संपली, लोक ताटं घ्यायला उठले. मला तो रविवार दिसत होता, फरशीवर बसून डोलणारी अक्का दिसत होती, आणि तिच्यासमोर वाकून पुन्हा पुन्हा तेच दोन शब्द बोलणारा मी. आई जिवंत होती. शेंगोळ्या करत होती, मोटारीचा आवाज आला की दारात येत होती. आणि इकडं अक्कानं तिच्यासाठी रडून घेतलं होतं, आणि त्या रडण्याला आजार समजून आम्ही गोळ्या वाढवल्या होत्या. दिवाळीला मी घरी चल म्हणायचो तेव्हा तिला काय ऐकू येत असेल, हेही आता कळत होतं.

मॅडमच्या खोलीत जाऊन मी सगळं सांगितलं. विचारलं, आता काय करू. आई तशीही गेलेली आहे. तिला वाटतंय त्यापेक्षा चार वर्षं उशिरा गेली, एवढाच फरक. राहू द्यावं का तसंच?

"मला नाही सांगता येत, सर," मॅडम म्हणाल्या. "पण आत्ता बैठकीत त्यांनी आपल्याकडं एकच गोष्ट मागितली."

मी अक्काला कपडे वाळत घालायच्या शेडमध्ये घेऊन गेलो, तिथं बाक होता. मी सांगितलं. त्या वेळी आई खरोखरच घरी गेली होती, आपल्या घरी, निरवांगीला. नंतर बरीच वर्षं होती. आता मागच्या वर्षी वारली. अक्कानं मला तीन-चार वेळा तेच सांगायला लावलं. वारली म्हणजे मेली का, हे विचारून घेतलं. मी हो म्हणालो.

"आन् त्या मधल्या वक्ताला ती हुती?"

"होती."

"माझी वाट बघत हुती?"

खोटं बोलावंसं फार वाटलं. "व्हय, अक्का."

ती हाताच्या बोटांकडं बघत राहिली. मग म्हणाली, "मी तवाच रडून घेतलं सगळं. आता परत कुठनं रडू?"

मी रडलो, आणि ती माझ्या पाठीवर हात फिरवत बसली, लहानपणी मी पडलो की फिरवायची तसा.

पुढं संस्थेत तो नियम बदलला. आता कुणी वारलं की त्याच दिवशी सगळ्यांना सांगतात. ज्यांना बघायचंय त्यांना बघू देतात, घरची माणसं येईपर्यंत कुणीतरी जवळ बसतं. नियम बदलल्यावर पहिले वारले ते चहा मागणारे तात्या. लोक बिथरतील म्हणून डॉक्टर तयारीत होते. कुणी बिथरलं नाही. दोघं-तिघं रडले, एकानं तात्यांच्या खुर्चीवर आता कोण बसणार ते विचारलं. अक्कानं उभं राहून बुद्धवंदनेतलं त्रिशरण म्हटलं. बालवाडीतल्या मुलांकडून गाणी म्हणून घ्यायची तशा स्पष्ट उच्चारात.

आईच्या स्मरणार्थ ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला ती निरवांगीला आली. गाडीत बसताना माझा दंड धरून होती, गाव दिसल्यावर सोडला. दोन दिवस राहिली. माझ्या बायकोनं शेंगोळ्या केल्या, त्या तिनं खाल्ल्या आणि मीठ कमी आहे म्हणाली. तिसऱ्या दिवशी सकाळी पिशवी भरून ओट्यावर येऊन बसली. राहा म्हणालो तर म्हणाली, "हितं आता माझं कोन हाय, बारक्या? तू इंदापूरला जाशील. तितं माझी खाट हाय." ते खरंच होतं. आई असती तर ती राहिली असती का, हा विचार मी करू नये असं बायको म्हणते.

आता भेटायला गेलो की अक्का मला आईबद्दल विचारते. तिच्या हिशेबी आई नसलेल्या, पण खरं तर असलेल्या त्या वर्षांबद्दल. एका भेटीला एकच गोष्ट. सकाळी उठून आधी काय करायची. कुणाशी भांडायची. दात राहिले होते का. मी सांगतो आणि ती नीट ऐकून घेते, मग विषय संपवून भाजीच्या वाफ्याकडं जाते. अडचण अशी की मला फारसं माहीत नाही. त्या वर्षांत मी शनिवारी संध्याकाळी गावी जायचो आणि रविवारी निघायचो. आई समोर होती, म्हणून मी तिच्याकडं निरखून पाहिलं नव्हतं.

मागच्या महिन्यात तिनं विचारलं, "शेवटाला तिला दिसत हुतं का?"

"हो. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं."

"कुठल्या डोळ्याचं?"

मला आठवेना. घरी येऊन बायकोला विचारलं. ती म्हणाली उजव्या, पण तिलाही खात्री नव्हती.