काजळी धरणारे तारे

माझी धाकटी बहीण पायाला भिंगरी लावूनच जन्मली, म्हणून घरात तिचं नाव भिंगरीच पडलं. दुधावर लक्ष ठेवायला सांगावं, तर दूध उतू जायचं आणि ही गच्चीवर सापडायची. अशा मुलीनं काम पत्करलं ते वर्षवर्षभर फुगत-आकसत राहणाऱ्या ताऱ्यांवर नजर ठेवण्याचं. ते ऐकून आई पोट धरून हसली होती.

हे तारे म्हातारे, लालभडक, अंगात कार्बन भरलेले. फुगता-आकसताना ते उजळतात, मंदावतात. हा फेरा जितका लांब, तितका तारा मुळात तेजस्वी. मग तो आपल्याला किती मिणमिणता दिसतो, त्यावरून त्याची दीर्घिका किती दूर आहे ते काढता येतं. आपल्या आकाशगंगेच्या एका शेजारणीचं अंतर भिंगरीनं असंच काढलं, आणि ती सगळ्यांच्या समजुतीपेक्षा बरीच लांब निघाली. तिला संशोधनात मार्गदर्शन करणाऱ्या सरांनी पाठ थोपटली, पेपर ताबडतोब धाड म्हणाले. दुसरा एक गट त्याच दीर्घिकेच्या हात धुऊन मागे लागला होता. पहिलं नाव कुणाचं, एवढाच प्रश्न उरला होता.

त्याच आठवड्यात मी तिच्याकडे राहायला गेले. खुर्चीवर कपड्यांचा ढीग, कॉम्प्युटरवर वर-खाली जाणारी ठिपक्यांची रांग, आणि ही दारापासून खिडकीपर्यंत येरझाऱ्या घालतेय. जेवायचीसुद्धा उभ्यानं. शेवटी मी ओरडले, तेव्हा कुठे टेकली आणि बोलती झाली. या ताऱ्यांना म्हणे एक खोड असते. मधूनच ते काजळी बाहेर टाकतात आणि आपल्याच काजळीआड झाकले जातात. काच काळवंडलेला कंदील हाताशी असूनही लांबचा वाटावा, तसं. तिच्याकडे तारे मूठभर आणि मोजलेला फेरा एकच. तेव्हा त्यांनी काजळी धरलेली असेल, तर दीर्घिका लांब नव्हतीच, तारेच मळलेले होते. खात्री करायची तर आणखी एक फेरा थांबायचं, म्हणजे वर्षाहून जास्त.

"पाठवून टाक," मी म्हटलं. "चुकलं तर मागाहून सुधार."

"तोवर लोक माझ्या अंतरावर पुढची मापं बेततील, ताई. मी नाही पाठवत."

सर तिच्याशी कामापुरतं बोलायला लागले. ते वर्ष तिनं कसं काढलं, ते फोनवर कळायचं. पोहायला शिकली, खोलीच्या भिंती स्वतः रंगवल्या, आवडल्या नाहीत म्हणून पुन्हा रंगवल्या. झोप मात्र उडालेलीच. मध्येच त्या गटाचा पेपर छापून आला. अंतर हिच्याएवढंच. सरांनी तिला लिंक पाठवली, सोबत एक अक्षर नाही. काजळी त्या गटानंही तपासली नव्हती. आता काजळी निघावी आणि ते लोक तोंडावर पडावेत, म्हणून मी मनातल्या मनात देव पाण्यात घालून बसले होते. भिंगरी मोजतच राहिली.

दुसरा फेरा पुरा झाला आणि तिचा फोन आला.

"काजळी नव्हतीच, ताई. माझं उत्तर पहिल्यापासून बरोबर होतं."

मला भयंकर राग आला. तिचा, सरांचा, त्या म्हाताऱ्या ताऱ्यांचासुद्धा. आता पश्चात्ताप होतोय ना, असं मी फटकन विचारून बसले.

"होतोय," ती म्हणाली. "पण तेव्हा मला ते माहीत नव्हतं गं. आत्ता माहीत झालं."

मग ती रडली, आणि मीही.