दादाच्या दुकानातला सावकाश कॉम्प्युटर

माझ्या थोरल्या भावाला गल्लीत सगळे 'सावकाश' म्हणतात. तोंडावर म्हणतात, त्यालाही चालतं. गिऱ्हाईक झेरॉक्ससाठी घाई करायला लागलं की दादा म्हणतो, "सावकाश होऊ दे, कागद कुठे पळून जात नाही." छोटंसं दुकान आहे. पुढे झेरॉक्स आणि छपाई, मागच्या भिंतीशी माझं बाइंडिंगचं टेबल. संसाराचं आवरून मी सकाळीच तिथे जाते.

दादा रोज संध्याकाळी दुकानाचा मेन स्विच बंद करतो. शेजारचं कापडाचं दुकान वायरिंगमुळे जळालं, तेव्हापासूनची सवय. त्यामुळे कॉम्प्युटर रोज सकाळी पहिल्यापासून उठतो. त्यात विंडोजऐवजी लिनक्स आहे. ते आमच्या धाकट्या भावाने टाकलं, म्हणाला, म्हाताऱ्या मशीनला हेच झेपेल.

तेव्हा धाकट्याचं टेबल दादाच्या शेजारी होतं आणि दोन्ही कॉम्प्युटर एकमेकांना वायरने जोडलेले. पुढे त्याला कंपनीत नोकरी लागली. भांडण वगैरे झालं नाही. एका रविवारी त्याने टेम्पो आणला, आपलं टेबल आणि कॉम्प्युटर चढवला. "येतो," म्हणाला. दादा म्हणाला, "दोरी घट्ट बांध." नंतर दोघांना एकमेकांशी बोलण्यासारखं काही निघालं नाही, इतकंच. जिथे टेबल होतं तिथल्या फरशीचा रंग अजून वेगळा आहे. दादा तिथे काही ठेवत नाही.

त्यानंतर कॉम्प्युटर उठायला फार वेळ घेऊ लागला. दादाला वाटलं, वय झालं. बटण दाबून तो झेरॉक्सची काच पुसायचा, शटरवरची धूळ झटकायचा. मी देवाच्या तसबिरीपुढे उभी राहून माझं स्तोत्र म्हणायचे. स्तोत्र संपायचं, पडद्यावरचं चक्र मात्र फिरतच असायचं. आम्हा दोघांनाही त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

समोरच्या रक्ततपासणीच्या लॅबचे रिपोर्ट आमच्याकडे छापले जातात. दुकानाचं अर्धं काम तेच. एका सकाळी लॅबच्या बाई स्वतः आल्या.

"काका, रोज सकाळी पेशंट तिकडे डॉक्टरांच्या दारात उभे आहेत, आणि तुमचं चक्र फिरतंय. सोमवारपर्यंत काहीतरी करा. नाहीतर आम्ही आमचा प्रिंटर घेतो, नाइलाज आहे."

"बघतो," दादा म्हणाला. त्या गेल्यावर तो बराच वेळ काचच पुसत होता.

मी विचारलं, "धाकट्याला बोलावू?"

तो हो म्हणाला नाही, नको म्हणाला नाही. आमच्या घरात याला हो म्हणतात.

रविवारी धाकटा आला. चपला बाहेर काढल्या, पूर्वी काढायचा तशाच. खुर्चीत बसला आणि कॉम्प्युटर चालू केला.

"पासवर्ड तोच?"

"बदलायला काय झालंय," दादा म्हणाला.

चक्र फिरायला लागलं तसं त्याने एक बटण दाबलं. चक्र गेलं आणि मागे चाललेलं सगळं ओळींनी दिसायला लागलं. ओळी भराभर वर सरकल्या, एका ठिकाणी अडल्या. धाकटा बघत राहिला.

"काय झालं?" मी विचारलं.

"माझा कॉम्प्युटर शोधतोय. नेटवर्कवर. सुरू होताना माझी डिस्क जोडून घे, असं मीच लिहून ठेवलं होतं. सापडत नाही, मग थांबतो. कंटाळला की पुढे जातो."

"म्हणजे इतके दिवस रोज?"

"रोज."

दादा प्रिंटरमध्ये कागद भरत होता. "तू गेल्यावर मी कशाला हात लावला नाही," म्हणाला. "तुझं होतं."

"विचारायचंस तरी."

"तू तरी कुठे सांगितलंस."

मी सुईत दोरा ओवत होते, ओवत राहिले.

मग धाकट्याने यादी काढली, कोण किती वेळ खातं त्याची. "याला उठल्या उठल्या मोडेम हवाय. या दुकानात मोडेम पाहिलाय का कुणी? ब्लूटूथ हवंय. थाट बघ." अशा तीन-चार गोष्टी त्याने बंद केल्या. शेवटी ती डिस्कची ओळ उघडली.

"पुसतोस?" दादाने विचारलं.

"नाही. शेवटी एक शब्द जोडतो. असला तर जोडून घे, नसला तर थांबू नको."

"बरं."

कॉम्प्युटर बंद करून चालू केला. दादाने सवयीने फडकं उचललं होतं. काचेवर एक हात फिरला तोवर पडदा तयार.

"झालं?"

"झालं."

धाकटा चहाला थांबला नाही. दादाने थांब म्हटलं नाही. चपला घालताना धाकटा त्या वेगळ्या रंगाच्या फरशीकडे बघून म्हणाला, "इथे एखादं कपाट ठेव की. जागा वाया जाते."

"बघू. सावकाश."

सोमवारी बाई आल्या तेव्हा रिपोर्ट छापून, लिफाफ्यात घालून तयार होते. लॅबचं काम आमच्याकडेच राहिलं. मला फार आनंद झाला असंही नाही, वाईटही वाटलं नाही. स्तोत्र आता मी घरूनच म्हणून येते.

दादा अजून बटण दाबून फडकं घेतो. पडदा केव्हाच तयार असतो. तो पाठ करून काच पूर्ण पुसतो, मग शटर, आणि मगच खुर्चीत बसतो. त्या जागी कपाट काही अजून आलेलं नाही.