कपाटामागे बसले तेव्हा

खोटं बोलायचं नाही, असा नेम मी रिद्धपूरच्या देवस्थानी गुरूंकडून उपदेश घेतला तेव्हा धरला होता. सहा वर्षं तो निभावला आणि शेवटी अडले ती एका नाटकात. आमच्या ऑफिसच्या मंडळानं दुसऱ्या महायुद्धातलं नाटक बसवलं होतं. जर्मनांनी बळकावलेलं गाव, आणि एका साध्या घरात कपाटामागच्या खोलीत लपवलेलं ज्यू कुटुंब. मी घरमालकीण. अधिकारी दार ठोठावतो आणि मी म्हणायचं, "घरात कोणी नाही." एवढंच वाक्य, पण प्रत्येक तालमीत माझी जीभ टाळ्याला चिकटायची.

नाटकातलं बोलणं म्हणजे खोटं नव्हे, हे मलाही कळत होतं हो. पण तोंडातून निघेना. दिग्दर्शक भाऊ, म्हणजे आमचे हेडक्लार्क, तसे मवाळ. तेही अखेर म्हणाले, "वहिनी, रविवारी अकोल्याले प्रयोग हाय. रंगीत तालमीत जमलं नाई तर नाटक मागं घेतो." दहा-बारा जणांची दोन महिन्यांची मेहनत माझ्यापाशी येऊन अडली होती. मी रिद्धपूरला जाऊन दंडवत घातले, काय करू ते विचारलं. देव काही बोलला नाही. रागच आला मला, खरं सांगते.

रंगीत तालमीच्या दुपारी मी सगळ्यांच्या आधी अमरावतीच्या हॉलवर पोचले. मी मुळातली चौकस, घरचे भोचक म्हणतात. ती माणसं आत कशी बसत असतील? खोकला आला तर काय करत असतील? लहान लेकरू असेल तर त्याला काय सांगत असतील? बघावं तरी म्हणून प्लायवूडच्या त्या कपाटामागे शिरले, गुडघे पोटाशी घेतले आणि नाम घेत बसले. अंधार आणि ताज्या रंगाचा वास. का कोण जाणे, एकाएकी रडूच कोसळलं. डोळे पुसून वर पाहिलं तर हॉल झाडणारी एक बाई कडेनं माझ्याकडे बघत होती. साठीची असेल, पूर्वी कधी न पाहिलेली. मला अशी लाज वाटली! कोणाला सांगू नका म्हणून मी ओठावर बोट ठेवलं.

तेवढ्यात बूट वाजले. अधिकाऱ्याचं काम करणारे आमचे स्टोअरकीपर, आडदांड माणूस, गणवेश चढवूनच आले आणि भूमिकेतल्या आवाजात गरजले, "कुठं लपली ते बाई? आज तिले सोडत नाई!" दाराशी माझ्या चपला बघून ते आपले गंमत करत होते, पण त्या बाईंना काय ठाऊक? त्यांनी झाडू थांबवलासुद्धा नाही. "इथं कोनी नाई, बापू. मी केव्हाची झाडून राह्यली." बूट बाहेर गेले.

मग त्या वाकून हळूच म्हणाल्या, "मारते काय वो तो?"

हसू की रडू असं झालं मला. नाटकाचं सगळं सांगितलं आणि विचारलं, "मावशी, इतकं पटकन खोटं कसं बोललात?" त्या जरा गोंधळल्या. "खोटं? मले त तू दिसून राह्यली होती, बाई. दुसरं काई सुचलंच नाई." एवढं बोलून पुढचा कोपरा झाडायला लागल्या. त्या संध्याकाळी रंगीत तालमीत ते वाक्य अडखळत का होईना, माझ्या तोंडून निघालं आणि भाऊंनी प्रयोग कायम ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्यांच्यासाठी साडी घेऊन गेले. त्या कोणाच्या तरी बदलीवर एकच दिवस आल्या होत्या, असं कळलं. नावही कोणाला सांगता येईना. त्यांच्या रूपानं देवच आला होता का, याचा माग मी काढत बसले नाही. हात जोडले आणि परत आले.

अकोल्याला प्रयोग झाला. बूट वाजले, मी दार उघडलं, आणि मनात एवढंच होतं की आत चौघं श्वास रोखून बसलीत. ते वाक्य मी केव्हा बोलले, मला आठवत नाही. भाऊ विंगेत डोळे पुसत होते म्हणे.

नेम आजही आहे. इतकी वर्षं मी तो देवाला दाखवत आले, बघ कसा सांभाळला म्हणून. आता नाम घेताना एवढंच मागते: देवा, ज्याला माझ्या दाराचा आडोसा हवा आहे, तो मला दिसू दे. पुढचं तू बोलवून घेशील.